गोष्टीचा सातबारा

१९९७ सालच्या मे महिन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटाच्या कडेला, पिर्निनी नावाच्या ठिकाणी, एक अवाढव्य कॅनव्हास जमिनीवर अंथरला गेला. आठ मीटर रुंद आणि दहा मीटर लांब. त्यावर बसून चाळीसहून जास्त माणसं रंगवत होती, त्यांतली बरीचशी म्हातारी. वेगवेगळ्या भाषा बोलणारी ती माणसं एकाच वाळवंटातली होती. प्रत्येकजण फक्त आपापल्या जागेपुरतं रंगवत होता. आपला पाणवठा, आपली टेकडी, त्या पाणवठ्यात वस्तीला असलेल्या सापाची हकिकत. दुसऱ्याच्या पाणवठ्याला कुणी ब्रश लावला नाही. हे चित्र विकायला किंवा दालनात टांगायला काढलेलं नव्हतं. जमिनीच्या हक्काचा दावा ऐकणाऱ्या सरकारी न्यायाधिकरणापुढे ते पुरावा म्हणून मांडायचं होतं. सुनावणीच्या वेळी साक्षीदार एकेक करून कॅनव्हासवर गेले, आपण रंगवलेल्या तुकड्यावर उभे राहिले आणि आपल्या भाषेत बोलले. न्गुरारा कॅनव्हास या नावाने तो आज ओळखला जातो. २००७ साली सुमारे ७६ हजार चौरस किलोमीटर जमिनीवर त्या लोकांचा हक्क मान्य झाला.

निषेधाची कविता लिहायला शिकू पाहणाऱ्यांनी आधी या कॅनव्हासपाशी थांबावं असं मला मनापासून वाटतं. तिथे कुणी घोषणा दिली नव्हती. आम्ही इथले आहोत हे सांगण्यासाठी त्या माणसांनी गोष्ट सांगितली. ती कुठल्या जागेची आणि ती सांगायचा अधिकार कुणाचा, हे प्रत्यक्ष उभं राहून दाखवलं. ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, ऑस्ट्रेलियातली निषेधकविता जितकी वाचावी तितकी हीच रीत तिच्या मुळाशी दिसते. राग तिच्यात भरपूर आहे, आणि तो रास्त आहे. पण ती उभी राहते जागेच्या साक्षीवर.

हे नीट समजायला त्या समाजांत गोष्टीचं स्थान काय, ते पाहावं लागतं. १७८८ साली ब्रिटिशांची जहाजं सिडनीच्या किनाऱ्याला लागली तेव्हा त्या खंडात अडीचशेहून जास्त भाषा बोलल्या जात होत्या. प्रत्येक समाजाचा आपला प्रदेश होता आणि प्रदेशातल्या खडकाला, ओढ्याला, झाडाच्या राईला आपापली गोष्ट होती. पूर्वज कुठून चालत आले, कुठे झोपले, कुठे भांडले, कुठे जमिनीत शिरले, यांच्या या कथा गाण्यांत गुंफलेल्या असतात. गाणी एका पाणवठ्याकडून दुसऱ्या पाणवठ्याकडे जाणारी वाट सांगतात. ज्यांना आपण कृत्तिका म्हणतो त्या ताऱ्यांची तिथली कथा सात बहिणींची आहे. वाती न्यिरू नावाचा रूप बदलणारा पुरुष त्यांच्या मागे लागतो आणि त्या मध्य ऑस्ट्रेलियाचं वाळवंट ओलांडून पळत राहतात. ही कथा शेकडो किलोमीटर पसरलेली आहे, पण ती सबंध कुणा एकाच्या मालकीची नाही. जिथे आपली हद्द संपते तिथे आपला भाग संपतो आणि पुढचा भाग पुढचे लोक सांगतात. या वाटेवर २०१७ साली कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं, तेही त्या त्या भागाच्या जाणत्यांनी पुढाकार घेतल्यामुळे.

म्हणजे गोष्ट हा तिथे जमिनीचा सातबारा आहे. जमीन कुणाच्या नावावर, तिच्यात काय उगवतं, पाणी कुठे, इतर हक्क कुणाचे, हे सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. फरक इतकाच, की या सातबाऱ्यावर मालकापेक्षा राखणदाराचं नाव असतं, आणि खरेदीखताने तो बदलत नाही. ज्याच्याकडे गोष्ट, त्याच्यावर त्या जागेची देखभाल. गवत जाळायची वेळ, कुठल्या मोसमात शिकार करायची नाही, कुठे बायकांनी किंवा पुरुषांनी जायचं नाही, हे त्याने सांभाळायचं. असा दस्तऐवज इंग्रजी कायद्याला वाचता आला नाही, आणि न वाचताच त्याने सबंध खंड बेवारस ठरवला. १९९२ च्या ३ जूनला मेर बेटावरच्या एडी माबो यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती समजूत खोडून काढली. मधल्या दोनशे वर्षांत काय झालं, ते सांगणारा साक्षीदार बऱ्याचदा कविताच होती.

या निषेधाचा मला सर्वांत प्रिय असलेला नमुना कवितेच्या पुस्तकात नाही, तो ऑस्ट्रेलियाच्या संसद भवनात आहे. १९६३ साली सरकारने उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या राखीव क्षेत्रातून तीनशेहून जास्त चौरस किलोमीटर जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतली. तिथल्या योल्ङु लोकांना कुणी विचारलं नव्हतं. यिरकाला वस्तीतल्या लोकांनी संसदेकडे अर्ज केला. मजकूर गुमाज भाषेत आणि इंग्रजीत टंकलेखन यंत्रावर उतरवला, कागद झाडाच्या सालीवर चिकटवला आणि भोवती आपल्या कुळांची चित्रं रंगवली. योल्ङु समाजाचे दोन अर्धक आहेत, धुवा आणि यिरित्जा. दोघांच्या चित्रांच्या चौकटी वेगवेगळ्या. ऑगस्टमध्ये पहिला अर्ज सभागृहात आला तेव्हा त्यावरच्या सह्या समाजाच्या खऱ्या प्रतिनिधींच्या आहेत का, अशी शंका मंत्र्यांनी काढली. दोन आठवड्यांनी दुसरा अर्ज आला, आणि त्याच्यासोबत अंगठ्याचे ठसे.

त्या अर्जातलं इंग्रजी साधं, नम्र, सरकारी नमुन्यातलं आहे. जोर आहे तो भोवतीच्या किनारीत. तिथले मासे, साप, तिरप्या रेघांचं जाळं ही शोभा नाही. ती आमची मालकी अशी अशी आहे हे सांगणारी कलमं आहेत. एकाच पानावर दोन कायदे शेजारी शेजारी ठेवले गेले आणि वाचता येत असेल तर वाचा, असं संसदेला शांतपणे सांगितलं गेलं. खाण थांबली नाही. पुढे लोक न्यायालयात गेले, तिथे त्यांनी एरवी बाहेरच्यांपासून लपवलेल्या पवित्र वस्तूसुद्धा न्यायाधीशांना दाखवल्या, आणि १९७१ साली खटला हरले. तुमच्याकडे कायद्याची काटेकोर व्यवस्था आहे हे न्यायाधीशांनी कबूल केलं, पण इंग्रजी कायद्याच्या अर्थाने ती मालमत्ता होत नाही असा निकाल दिला. त्या पराभवातून उठलेल्या आवाजामुळे सरकारला आयोग नेमावा लागला आणि १९७६ साली नॉर्दर्न टेरिटरीसाठी जमीनहक्काचा कायदा झाला. मजकूर त्यांच्या भाषेत, किनार आपल्या भाषेत, ही रचना त्यानंतरच्या अनेक कवितांत पुन्हा पुन्हा भेटते.

छापील निषेधकवितेची सुरुवात मात्र एका बाईने केली. ब्रिस्बेनजवळच्या मिंजेरिबा बेटावर १९२० साली कॅथलीन रस्का यांचा जन्म झाला. लग्नानंतर त्या कॅथ वॉकर झाल्या आणि जग त्यांना उडगेरू नूनकल या नावाने ओळखतं. त्या डावखुऱ्या होत्या म्हणून शाळेत बोटांवर मार खाल्ला, तेराव्या वर्षी शाळा सोडून ब्रिस्बेनमध्ये गोऱ्यांच्या घरी मोलकरीण झाल्या, दोन भाऊ सिंगापूरला युद्धकैदी झाले त्या सुमाराला स्वतः सैन्याच्या महिला दलात गेल्या. गोऱ्यांचं ऑस्ट्रेलिया हे धोरण न मानणारा पक्ष म्हणून काही काळ कम्युनिस्ट पक्षात राहिल्या. १९६४ साली त्यांचा 'वुई आर गोइंग' हा संग्रह आला. ॲबोरिजिनल व्यक्तीचा छापलेला हा पहिला कवितासंग्रह. जॅकरांडा प्रेसने तो छापावा यासाठी ज्युडिथ राइट या थोर कवयित्रीने शब्द टाकला होता. पुस्तक हातोहात खपलं. काही समीक्षकांनी नाकं मुरडली, ही कविता नव्हे, प्रचार आहे असं लिहिलं. त्या आरोपाने त्यांनी आपलं लिहिणं तसूभरही बदललं नाही.

शीर्षक-कवितेची बांधणी शिकणाऱ्याने बारकाईने पाहावी. सुरुवातीला आवाज तिऱ्हाइताचा आहे. उरलीसुरली मूठभर माणसं गावात येतात. जिथे त्यांच्या दीक्षेच्या सोहळ्याचं रिंगण होतं तिथे आता कचरा टाकायची जागा आहे, तशी पाटी आहे, गोरी माणसं मुंग्यांसारखी लगबगीने जाताहेत. मग काहीही न सांगता 'ते' जाऊन 'आम्ही' येतं. हा 'आम्ही' आपली दुःखं मोजत नाही. तो सांगतो की तो सोहळा म्हणजे आम्ही, तो कायदा आम्ही, टेकडीवरची ती वीज, तिच्यामागचा गडगडाट, पहाटेचा फिकट उजेड सगळं आम्ही. माणूस आणि जागा यांच्यात अंतरच उरत नाही. त्यामुळे शेवटी एकेक गोष्ट नाहीशी होते तेव्हा वाचणाऱ्याला कळतं की हे निसर्गवर्णन नव्हतं, ही मृतांची यादी होती. सर्वनाम बदलण्याइतकी छोटी कृती, आणि तिच्यावर सगळी कविता तोललेली. हे कसब कुणालाही अभ्यासता येतं.

त्याच बाईने सभांसाठी निराळ्या कविता लिहिल्या. १९६२ साली ॲडलेडच्या एका हक्क-परिषदेसाठी त्यांनी हक्कांची सनदच यमकात रचली. जवळजवळ प्रत्येक ओळीत जोडी आहे: आम्हाला हे हवं, ते नको. कानाने ऐकून लगेच तोंडात बसावी अशी ती ठोकळेबाज लय आहे. तिच्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांना ती कुणासाठी आणि कुठे म्हणायची होती याचा विसर पडतो. फार शाळा न शिकलेल्या आपल्या माणसांना सभेतून घरी जाताना ती पाठ व्हायला हवी होती. १९६७ च्या २७ मे रोजी राज्यघटनेतली भेदभावाची दोन कलमं बदलायला नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी कौल दिला, त्यामागच्या अनेक वर्षांच्या फिरतीत उडगेरू होत्या आणि त्यांच्या कविता होत्या. निषेधकवितेला एकच उत्तम रूप असतं असं मानणाऱ्याने त्यांच्या या दोन तऱ्हा शेजारी ठेवून वाचाव्यात.

१९७० मध्ये त्यांना ब्रिटिश राजघराण्याचा एमबीई हा सन्मान मिळाला होता. १७८८ च्या आगमनाची दोनशे वर्षं देश साजरी करणार हे ठरल्यावर, १९८७ साली त्यांनी तो परत केला आणि कॅथ वॉकर हे नावही सोडून आपल्या नूनकल समाजाचं, पेपरबार्क झाडाचं नाव घेतलं. पण मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते बेटावरचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या मिंजेरिबाला परतल्या, मूंगाल्बा नावाच्या जागी कॅराव्हॅनमध्ये राहू लागल्या आणि हजारो मुलांना, गोऱ्या आणि काळ्या, तिथे बोलावून घेतलं. शिंपले कसे शोधायचे, कुठली वनस्पती खायची, झाडाखाली बसून गोष्ट कशी ऐकायची, हे शिकवलं. बेटाची वाळू खाणवाले उपसून नेत होते त्या काळात त्या मुलांना त्याच वाळूवर बसवत होत्या. १९९३ मध्ये त्या गेल्या. २०११ साली क्वांडामूका लोकांचा बेटावरचा हक्क न्यायालयाने मान्य केला आणि २०१९ मध्ये तिथलं वाळूउत्खनन थांबलं.

आता १९७२. या वर्षापाशी मराठी वाचकाने थांबायला हवं. २६ जानेवारी हा ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिवस. तिथले मूळ रहिवासी त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात आणि १९३८ साली त्यांनी सिडनीत तो शोकदिन म्हणून पाळला होता. १९७२ च्या २६ जानेवारीला चार तरुणांनी कॅनबेराच्या संसदेसमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवली आणि तिला दूतावास म्हटलं. आमची जमीन घेऊन आम्हालाच परके केलंत, मग परक्यांसारखी आमचीही वकिलात असू दे. पंतप्रधानांनी आदल्या दिवशी जमिनीचा हक्क नाकारला होता, त्याला हे उत्तर होतं. एक छत्री आणि एक शब्द एवढ्यातच सगळी कविता आहे. त्याच सुमाराला ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाचा ब्लॅक पँथर पक्ष निघाला. त्याच्या संस्थापकांत उडगेरूंचा मुलगा डेनिस वॉकर होता. आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या संघटनेचं नाव दोन अगदी वेगळ्या समाजांनी एकाच काळात उचललं. साधनं निराळी होती, पण आपल्यावर लादलेल्या भाषेतच आपला आवाज काढायचा हा पेच दोन्हीकडे होता.

त्या पेचाचं सर्वांत टोकाचं उत्तर लायनेल फोगार्टी यांनी दिलं. १९५८ साली क्वीन्सलँडमधल्या बाराम्बा, म्हणजे आताच्या चेरबर्ग, वसाहतीत त्यांचा जन्म झाला. अशा वसाहतींत राहणाऱ्यांना बाहेर पडायलाही परवाना लागे आणि मुलांच्या तोंडून घरची भाषा काढून घेतली जाई. फोगार्टींच्या कवितेत इंग्रजी व्याकरण जागोजागी मोडतं: क्रियापदं भलत्या जागी, नामांची क्रियापदं, मध्येच मूळ भाषेतला शब्द. पहिल्या वाचनात काही कळत नाही, आणि ते जाणूनबुजून आहे. ज्यांच्या भाषेने आम्हाला दोनशे वर्षं चाचपडायला लावलं त्यांनी चार ओळी तरी चाचपडावं. १९९३ मध्ये त्यांचा अठरा वर्षांचा नर्तक भाऊ डॅनियल योक पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला. त्यानंतरच्या त्यांच्या कविता मोठ्याने वाचल्याशिवाय उलगडत नाहीत. त्या ऐकायच्या आहेत.

ढसाळांनी मोडली ती स्वतःचीच मराठी होती. फोगार्टींनी मोडलं ते दुसऱ्याचं इंग्रजी. या दोहोंमध्ये उभे आहेत आपले आदिवासी कवी. 'गोधड' लिहिणारे वाहरू सोनवणे भिलीतही लिहितात आणि मराठीतही. 'उलगुलान' लिहिणाऱ्या भुजंग मेश्रामांच्या ओळींतही मध्येच मूळ बोलीतले शब्द उगवतात. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी तेच करते जे चेरबर्गमध्ये इंग्रजीने केलं. हे मान्य करायला आपल्याला जड जातं, पण ॲबोरिजिनल कवींपासून काही शिकायचं असेल तर पहिला धडा आपल्याच भाषेविषयीचा आहे.

केविन गिल्बर्ट यांच्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. विराजुरी समाजातला हा माणूस पत्नीच्या खुनाबद्दल चौदा वर्षं तुरुंगात होता. तिथल्या फरशीवरचं जुनं लिनोलियम उखडून, चमचा आणि ब्लेडची पाती वापरून त्याने ठसे कोरले, नाटक लिहिलं, कविता लिहिल्या. १९८८ साली त्याने 'इनसाइड ब्लॅक ऑस्ट्रेलिया' हा ॲबोरिजिनल कवींचा संग्रह संपादित केला. त्यात नावाजलेले कवी आहेत आणि आयुष्यात एखादीच कविता लिहिलेली माणसंही. या संग्रहाला मानवी हक्क आयोगाचं पारितोषिक जाहीर झालं तेव्हा, माझ्या लोकांना हक्कच नाहीत तर हे कसलं पारितोषिक, म्हणून त्याने ते नाकारलं.

पुढच्या पिढीने नवं साधन शोधलं: सरकारी कागद. तिथल्या राज्यांनी मूळ रहिवाशांच्या संरक्षणाच्या नावाखाली मंडळं नेमली होती आणि कुणाचं मूल कधी उचललं, कुणाला कुठे कामाला धाडलं, कुणाचा पगार कुणी ठेवून घेतला, याच्या फायली वर्षानुवर्षं भरल्या जात होत्या. मुलं हिरावण्याचा हा इतिहास १९९७ च्या सरकारी अहवालात बाहेर आला, आणि २००८ च्या १३ फेब्रुवारीला पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. नारुंगा समाजाच्या नॅटली हार्किन यांनी आपल्या आजी-पणजीच्या अशा फायली अभिलेखागारातून मिळवल्या. पणजीच्या पत्रांच्या प्रतींच्या पट्ट्या कापून त्यांनी पारंपरिक विणीने टोपली विणली, आणि कविताही त्याच रीतीने लिहिल्या: अधिकाऱ्याचं वाक्य, मध्ये आजीची आठवण, पुन्हा अधिकाऱ्याचं वाक्य. २०१९ चं त्यांचं 'आर्कायव्हल-पोएटिक्स' वाचताना यिरकालाच्या सालीची किनार आठवते.

गोमेरॉय समाजाच्या ॲलिसन व्हिटकर वकील आहेत. २०१८ च्या त्यांच्या 'ब्लॅकवर्क' या संग्रहात एक कविता आहे जिच्यातला शब्दनशब्द न्यायालयीन चौकशीच्या अहवालातला आहे. २०१४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात थकलेल्या दंडापायी कोठडीत टाकलेली बावीस वर्षांची एक तरुणी, वारंवार दुखतंय म्हणत असताना, नाटक करते असं समजून दुर्लक्ष झाल्याने मेली. मृताचं नाव उच्चारायचं नाही ही तिथली रीत असल्यामुळे घरच्यांच्या इच्छेनुसार तिला मिस धू एवढंच म्हणतात. त्या चौकशीच्या निष्कर्षांत पुन्हा पुन्हा येणारे तीन-तीन शब्दांचे तुकडे व्हिटकर यांनी वेचले आणि एकाखाली एक लावले. स्वतःचं एक विशेषण घातलं नाही. कोठडीतल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने १९९१ सालीच ९९ मृत्यू तपासून ३३९ शिफारशी केल्या होत्या. त्यानंतरही हे मृत्यू चालूच राहिले, आणि ते कशा भाषेत नोंदले जातात हे या कवितेइतकं उघड दुसऱ्या कशाने केलेलं मी वाचलेलं नाही.

या सगळ्यापासून प्रेरणा घ्यायची म्हणजे काय, हा प्रश्न आता टाळता येत नाही. कारण प्रेरणेच्या नावाखाली चोरी झालेली आहे, आणि तिचा इतिहास जुना आहे. डेव्हिड युनायपॉन या न्गारिन्जेरी विद्वानाने १९२०च्या दशकात आपल्या आणि शेजारच्या समाजांच्या कथा जमवून लिहिल्या. प्रकाशकाने ती हस्तलिखितं विल्यम रॅमसे स्मिथ या डॉक्टरला विकली आणि १९३० साली लंडनमध्ये पुस्तक निघालं ते त्या डॉक्टरच्या नावावर. युनायपॉनचा आत उल्लेखही नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा १९९५ मध्ये आला, पण त्याचं पुस्तक त्याच्या नावाने निघायला २००१ साल उजाडलं. १९३८ पासून जिंडीवोरोबाक म्हणवणाऱ्या गोऱ्या कवींनी मूळ रहिवाशांचे शब्द आणि पुराणकथा आपल्या कवितांत पेरल्या. त्यांचा हेतू प्रामाणिक होता, पण ज्यांचे शब्द त्यांना विचारायचं मात्र राहिलं. १९७६ मध्ये पित्जान्त्जाजारा लोकांनी न्यायालयात जाऊन चार्ल्स माउंटफर्ड या अभ्यासकाच्या पुस्तकाची नॉर्दर्न टेरिटरीतली विक्री थांबवली, कारण दीक्षा न झालेल्यांनी पाहू नये असं ज्ञान त्याने विश्वासाने मिळवून छापलं होतं.

म्हणून पुण्यात किंवा पणजीत बसून सात बहिणींवर किंवा तिथल्या कथांतल्या इंद्रधनुषी सापावर कविता लिहिणं, कितीही कळवळ्याने लिहिली तरी, मला पटत नाही. ती गोष्ट कुणाच्या तरी नावावर आहे. शिकण्याजोगं जे आहे ते गोष्टीच्या आशयात कमी आणि ती सांगण्याच्या शिस्तीत जास्त आहे, आणि शिस्त शिकायला कुणाची ना नाही.

तिची सुरुवात ऐकण्यापासून होते. डेली नदीकाठच्या नाउइयु वस्तीतल्या मिरियम-रोज उंगुनमर-बाउमान, ज्या २०२१ साली त्या देशाच्या ज्येष्ठ नागरिक पुरस्काराच्या मानकरी झाल्या, त्यांनी आपल्या लोकांची 'दादिरी' ही रीत जगाला सांगितली. गप्प बसून, घाई न करता, उत्तर तयार न करता ऐकत राहणं. नवखा कवी आंदोलनाच्या ठिकाणी जातो तो बहुधा आधीच ओळी मनात घेऊन जातो. त्याने वही बंद ठेवून बसावं. म्हाताऱ्या बाईने तीच हकिकत तिसऱ्यांदा सांगितली तर तिसऱ्यांदा ऐकावी, कारण त्या वेळी तिच्यात एक नवं नाव येतं: बुडालेल्या बांधाचं, तोडलेल्या आंब्याचं, ज्याच्या काठी लग्नाचे मांडव पडत त्या ओढ्याचं. कवितेत ही नावं आली की 'विस्थापन', 'शोषण' हे शब्द लागतच नाहीत. मध्य ऑस्ट्रेलियातल्या बायका गोष्ट सांगताना बोटाने वाळूवर खुणा काढतात, बसलेल्या माणसासाठी घोड्याच्या नालासारखी एक खूण, आणि एक प्रसंग संपला की तळहाताने पुसून पुढचा सुरू करतात. कविता लिहिण्याआधी आपल्या जागेचा असा नकाशा काढून पाहावा. कोण कुठे बसायचं हे काढता आलं नाही, तर अजून ऐकायचं बाकी आहे.

मग आपण स्वतः त्या नकाशात कुठे आहोत ते ठरवावं. न्गुराराच्या चित्रकारांसारखं आपल्या तुकड्यापुरतंच रंगवावं. धरणाखाली गेलेल्या पाड्याविषयी शहरातला माणूस लिहीत असेल तर त्याचा तुकडा पाड्यातला नाही. त्याच्या नळाला येणारं पाणी आणि त्याच्या घरात पेटणारा दिवा हा त्याचा तुकडा. तिथून लिहिलेली कविता खरी होईल. त्या पाड्यातल्या बाईच्या तोंडून 'मी' म्हणायचा हक्क त्याला नाही, आणि तिला कुणीतरी बोलतं करायची गरजही नसते. तिला आधीच बोलता येतं. तिच्या मुलाला किंवा नातीला लिहायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्यांनी घरची बोली जशीच्या तशी ठेवावी, तळटीप देऊ नये, आणि संपादकाने अर्थ विचारला तर तो ज्यांच्या भाषेतला शब्द आहे त्यांच्याकडे जाऊन विचारायला सांगावं.

कागदही गोळा करावेत. भूसंपादनाची नोटीस, पंचनामा, पुनर्वसनाचा आदेश, ग्रामसभेचा ठराव. हे आपल्याकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात. त्यांतलं एखादं वाक्य जसंच्या तसं घ्यावं, त्याच्या भोवती आपली किनार काढावी, आणि दोन्हींत भांडण लावून न देता ती नुसती शेजारी राहू द्यावीत. व्हिटकर यांच्यासारखी स्वतःची विशेषणं बाजूला ठेवण्याची हिंमत झाली तर फारच उत्तम, पण ते सोपं नाही. आपला राग दिसावा असं प्रत्येकाला वाटतं.

लिहून झालं की ती कविता आधी त्या जागेच्या माणसांसमोर वाचायची. टाळ्यांसाठी नव्हे, तपासणीसाठी. ओढ्याचं नाव चुकलं असेल, एखादी गोष्ट बाहेर सांगायची नसेल, एखाद्या मेलेल्या माणसाचा उल्लेख घरच्यांना नको असेल, तर ते सांगतील. जे काढायला सांगतील ते, आवडती ओळ असली तरी, काढावं. मासिकाकडे पाठवायची प्रत त्यानंतर करावी, आणि छापून आली की पहिला अंक त्यांच्याकडे न्यावा.